खोल होल मारताना स्पीड उतरवा, फीड नको

"फीड एकदम कमी ठेवला होता, तरी ड्रिल तुटलं." लांब ड्रिल परत घेऊन येणाऱ्या ग्राहकांकडून हे वाक्य आम्ही सतत ऐकतो. (फीड म्हणजे ड्रिल धातूत पुढे सरकण्याचा दर, स्पीड म्हणजे ते फिरण्याचा.) तेच ड्रिल हातात घेऊन पाहिले की फ्ल्यूटमध्ये (ड्रिलवरच्या खाचेत) दोऱ्यासारखी पातळ, लांब चिप (कापलेला धातू) ठासून बसलेली दिसते आणि बाहेरचा कोपरा निळा पडून गोल झालेला असतो. कमी फीडने ड्रिल वाचले नाही. बहुतेक वेळा ते कमी फीडमुळेच गेलेले असते. यात ड्रिल जाते, जॉब (ज्यात होल मारायचे तो भाग) जातो आणि अडकलेला तुकडा काढण्यात मशीनही उभे राहते. म्हणून हे पत्रक.

खोली व्यासाच्या तीन पटीपेक्षा कमी असेल तर चार्टमधले स्पीड-फीडचे आकडे जसेच्या तसे चालतात. पाच पटीच्या पुढे गेलात की ते आकडे तुमच्यासाठी नाहीत. खोल होलमध्ये बाहेरून सोडलेला कूलंट (धार थंड ठेवणारे द्रव) टोकापर्यंत पोहोचत नाही, कारण वर येणारी चिप त्याला वाटेतच अडवते. उष्णता टोकापाशीच साठते, आणि तिचा मार सर्वात आधी बाहेरच्या कोपऱ्यावर पडतो, कारण ड्रिलवर सर्वात जास्त गती तिथेच असते. ही उष्णता कमी करायची तर आरपीएम उतरवायला हवा. ऑपरेटर मात्र घाबरून फीडचा नॉब फिरवतो.

फीड कमी केला की चिप पातळ होते. पातळ चिप वळते, पण तुटत नाही. जाड चिप तेवढ्याच वळणावर ताण सहन न होऊन तुटते आणि आखूड तुकडे होऊन फ्ल्यूटमधून वर येते. खोल होलमध्ये ड्रिलचे आयुष्य चिप बाहेर निघण्यावर अवलंबून असते, आणि चिप बाहेर निघणे ती तुटण्यावर. शिवाय अगदी कमी फीडला धार धातू कापण्याऐवजी त्यावर घासत राहते.

एक हिशोब करून पाहा

ईएन८ मध्ये (मध्यम कार्बनचे स्टील) १० मिमीचे एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल, खोली ८० मिमी, म्हणजे आठ पट. उथळ होलला कटिंग स्पीड (धारेच्या बाहेरच्या कोपऱ्याची गती) साधारण २२ मीटर प्रति मिनिट धरतात. आरपीएम काढायला स्पीडला ३१८ ने गुणा आणि ड्रिलच्या व्यासाने भागा: २२ × ३१८ ÷ १० म्हणजे ७००. खोली आठ पट आहे म्हणून स्पीड ४० टक्के उतरवा: ४२० आरपीएम. फीड उथळ होलला फेऱ्याला ०.१८ मिमी असेल, तर तो ०.१५ पर्यंतच आणा. ४२० × ०.१५ म्हणजे मिनिटाला ६३ मिमी.

आता शॉपवर प्रत्यक्षात काय होते ते पाहा. आरपीएम ७०० च राहतो आणि "जरा सावकाश" म्हणून फीड मिनिटाला २५ मिमी ठेवला जातो. म्हणजे फेऱ्याला जेमतेम ०.०३६ मिमी. पहिल्या पद्धतीत ८० मिमी खोल जायला ड्रिल सुमारे ५३० फेरे घेते, दुसऱ्या पद्धतीत २,२४० फेरे. ड्रिलचा कोपरा पहिल्या होलमध्ये सुमारे १७ मीटर घासतो, दुसऱ्यात ७० मीटर. वेळ पेकिंग (टप्प्याटप्प्याने, मधे ड्रिल मागे घेत होल मारणे) सोडून पहिल्याला सव्वा मिनिट, दुसऱ्याला तीन मिनिटांहून जास्त. ज्याला आपण सांभाळून चालवणे म्हणतो, त्यात वेळ अडीच पट लागतो आणि धार चौपट झिजते.

खोलीप्रमाणे स्पीड किती उतरवायचा याचा ढोबळ अंदाज असा: तीन पटीला १० टक्के, चार पटीला २०, पाच पटीला ३०, सहा ते आठ पटीला ३५ ते ४०. फीडमधली कपात याच्या मानाने किरकोळ आहे: चार पटीपर्यंत १० टक्के, आठ पटीपर्यंत २० टक्के. आम्ही ड्रिलसोबत हेच आकडे देतो आणि फीडच्या आकड्याखाली रेघ मारतो. ती रेघ खास नॉबवर हात असणाऱ्यासाठी आहे.

मशीन मिनिटाच्या फीडवर, म्हणजे सीएनसी प्रोग्रॅममधल्या जी९४ कोडवर चालत असेल तर स्पिंडल ओव्हरराइड (आरपीएम कमी-जास्त करणारा नॉब) उतरवल्यावर फेऱ्याचा फीड आपोआप वाढतो, हे ध्यानात ठेवा. जी९५ (फेऱ्याचा फीड) असेल तर फीड स्पिंडलबरोबर चालतो आणि चिपची जाडी तीच राहते. ड्रिलिंगसाठी आम्ही जी९५ च सुचवतो. ड्रिल किंचाळू लागले तर आधी स्पिंडलचा नॉब खाली घ्या. फीडला हात नको.

मटेरियलप्रमाणे

एचएसएससाठी सुरुवातीचे आकडे, तेही उथळ होलचे: माइल्ड स्टीलला २५ ते ३०, हार्डन-टेम्पर केलेल्या ईएन२४ ला (अलॉय स्टील) १२ ते १५, कास्ट आयर्नला २० ते २५, ॲल्युमिनियमला ६० ते ९० मीटर प्रति मिनिट. कास्ट आयर्नची चिप आपोआप भुगा होऊन निघते, तिथे त्रास कमी. ॲल्युमिनियम फ्ल्यूटला चिकटते, म्हणून तिथे मोठ्या, गुळगुळीत पॅराबोलिक (रुंद, मोकळ्या खाचेच्या) फ्ल्यूटचे ड्रिल घ्या आणि फीड मोकळ्या हाताने द्या.

एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ आणि ३१६ वर मात्र थोडे थांबून बोलायला हवे, कारण परत येणाऱ्या ड्रिलमध्ये यांचा वाटा मोठा असतो. हे मटेरियल घासले की वरचा थर कडक होतो. धार पुढच्या फेऱ्यात त्या थराच्या खाली शिरली तरच कापते. कमी फीडला ती त्या कडक थरातच फिरत राहते, थर आणखी कडक होतो आणि मग कितीही दाबले तरी ड्रिल पुढे सरकत नाही. म्हणून एसएसला स्पीड १० ते १२ मीटर, कोबाल्टचे ड्रिल (एम३५, ज्यात ५ टक्के कोबाल्ट असते), फीड ठाम, आणि तळाशी ड्वेल (पुढे न सरकता फिरत राहणे) अजिबात नको. अर्ध्यात थांबून पुन्हा हळूच टेकवणे हे एसएसमध्ये सर्वात महाग पडते.

पेकिंग

पहिले तीन व्यास एका दमात जा, पुढे प्रत्येक पेक एक व्यासाचा, आणि फार खोल गेल्यावर अर्ध्या व्यासाचा. पेकिंगच्या कोडपैकी जी७३ फक्त चिप तोडतो, ड्रिल बाहेर आणत नाही. खोल होलला जी८३ लावा, म्हणजे फ्ल्यूट रिकामी होते. पण दर मिलिमीटरला बाहेर काढू नका. प्रत्येक वेळी थोड्या चिप्स तळाशी पडतात आणि खाली जाताना ड्रिल त्याच पुन्हा चिरडते.

एक गोष्ट ऑर्डर देण्याआधीच मोजा: फ्ल्यूटची लांबी होलच्या खोलीपेक्षा निदान दीड व्यास जास्त हवी. फ्ल्यूट पूर्ण आत गेली की चिपला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि पुढच्या काही फेऱ्यांत ड्रिल तुटते. तिथे कोणताही स्पीड-फीड उपयोगाचा नाही.

कूलंट थ्रू कार्बाइड आणि गन ड्रिल

कूलंट थ्रू म्हणजे ज्याच्या आतून कूलंट जातो ते ड्रिल. यांचे नियम वेगळे आहेत, म्हणून वरचे आकडे इथे लावू नका. लांब कार्बाइड ड्रिलला आधी पायलट होल (वाट दाखवणारे आखूड होल) लागतो, ड्रिलपेक्षा ०.०१ ते ०.०३ मिमी मोठा, आणि पायलट ड्रिलचा टोकाचा कोन लांब ड्रिलइतका किंवा त्याहून जास्त हवा, म्हणजे लांब ड्रिल मध्यातून टेकते. पायलटमध्ये ३०० आरपीएमच्या आसपास शिरा, कूलंट सुरू करा, मग पूर्ण आरपीएम आणि फीड द्या. तळापर्यंत पेक न करता जा. पेकिंगने कार्बाइडच्या धारेचे टवके उडतात. बाहेर येताना टोक पायलटमध्ये असतानाच आरपीएम उतरवा.

गन ड्रिलला धार एकच असते आणि चिप बाहेर ढकलण्याचे काम दाबाचे तेल करते. स्टीलमध्ये १० मिमीच्या गन ड्रिलला ७० ते ८० मीटर स्पीड आणि फेऱ्याला ०.०३ ते ०.०४ मिमी फीड चालतो. इथे कमी फीड योग्यच आहे, कारण चिप तोडण्यासाठी टोकाची धार मुद्दाम तशी घासलेली असते. ट्विस्ट ड्रिलचा फीड याला दिला तर टोक उडते. आणि गन ड्रिल बुश (ड्रिलला आधार देणारी नळी) किंवा पायलटच्या बाहेर पूर्ण आरपीएमवर कधीही फिरवू नका. लांब शँक (ड्रिलचा दांडा) फेकला जातो, आणि शेजारी उभ्या माणसाला इजा होते.

तुमच्या मशीनवर कूलंटचा दाब पुरेसा नसेल तर गन ड्रिल विकत घेऊ नका. जॉब आमच्याकडे पाठवा, आम्ही होल मारून देतो. थोड्याच नगांसाठी हेच स्वस्त पडते.

ड्रिल परत पाठवताना

तुटलेले ड्रिल आम्ही लगेच बदलून देत नाही, आधी तपासतो. काहींना यात टाळाटाळ वाटते. पण कोपरा गोल होऊन जळला असेल तर स्पीड जास्त होता, मधल्या चिझल एजचे (टोकाच्या मध्यावरच्या छोट्या धारेचे) टवके उडाले असतील तर फीड जास्त होता, फ्ल्यूट गच्च भरली असेल तर चिप अडकली. दोन्ही धारा असमान झिजल्या असतील तर ती आमच्या रिग्राइंडची (पुन्हा लावलेल्या धारेची) किंवा तुमच्या कोलेटच्या (ड्रिल धरणाऱ्या पकडीच्या) रनआउटची, म्हणजे मध्य सोडून फिरण्याची, गोष्ट असते, आणि रिग्राइंडमध्ये दोष निघाला तर ड्रिल आम्ही बिनशर्त बदलतो. हे न पाहता नवे ड्रिल दिले तर तेही आठवड्यात तसेच परत येते.

म्हणून ड्रिल धुऊन, पुसून पाठवू नका. फ्ल्यूटमधली चिप तशीच राहू द्या आणि मशीनवरच्या मूठभर चिप्स पिशवीत घाला. चिठ्ठीवर मटेरियल, हार्डनेस, खोली, आरपीएम, फेऱ्याचा फीड आणि कूलंट बाहेरून की आतून एवढे लिहा. रिग्राइंडला आलेल्या ड्रिलसोबत ही चिठ्ठी असेल तर धार त्या मटेरियलला बेतून लावतो, आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही.