गाडीवरचं डांबर घासायचं नाही, भिजवायचं

सोलापुरात गाडी आहे आणि दाराच्या खालच्या पट्ट्यावर काळे ठिपके नाहीत, असं झालं तर एकतर गाडी कालच शोरूममधनं आलीय नाहीतर ती कव्हरखालनं निघतच नाही. हैदराबाद हायवे घ्या, विजापूर रोड घ्या, अक्कलकोट रोड घ्या, कुठं ना कुठं पॅचवर्क चालूच असतं. मग रविवारी गाडी धुताना ते ठिपके दिसतात, आधी नखानं खरवडून बघतात, नाही निघालं की "जात नाही की बे हे" म्हणत भांड्याची घासणी येते, आणि दहा मिनिटांत डांबर गेलेलं असतं पण त्या जागी पांढुरका गोल चट्टा कायमचा राहिलेला असतो. डांबरानं पेंटचं जेवढं वाटोळं होत नाही तेवढं ते काढणाऱ्या हातानं होतं, आणि यात ताकदीपेक्षा केमिस्ट्री आणि थोडी कळ काढायची तयारी जास्त कामाला येते.

रस्त्यावर जे पडतं ते बिटुमेन, म्हणजे रिफायनरीत कच्च्या तेलातनं पेट्रोल, रॉकेल, डिझेल वगैरे उडवून झाल्यावर तळाला जो काळा जाड गाळ उरतो तो. त्याला ठराविक असा वितळबिंदू नसतो, ते तापलं की हळूहळू ढिलं होत जातं. किती तापमानाला ढिलं होतं ते मोजायची लॅबमधली पद्धत भारी आहे, पितळेच्या छोट्या रिंगमध्ये डांबर भरतात, त्यावर साडेतीन ग्रॅमची स्टीलची गोळी ठेवतात, पाण्यात बुडवून मिनिटाला ५ अंशांनी पाणी तापवत नेतात, आणि गोळी डांबराला घेऊन २५ मिलिमीटर खाली लोंबली की ते तापमान लिहून घेतात. आपल्याकडं रस्त्याला सर्रास वापरतात त्या व्हीजी-३० ग्रेडला हे तापमान निदान ४७ अंश तरी असावं असं भारतीय मानक सांगतं. आता सोलापूरचा मे महिना आठवा, हवाच ४२-४३ अंश, आणि काळा रस्ता दुपारी साठीच्या पुढं सहज जातो. म्हणजे नवा रस्ता सोडाच, जिथं डांबर जरा जास्त झालंय तिथं जुन्या रस्त्यावरही ते वर येऊन चकाकायला लागतं, टायर ते बारीक कचीसकट उचलतं आणि फिरता फिरता मागच्या बाजूला फेकतं. म्हणून ठिपके नेहमी चाकामागं, दाराच्या खालच्या भागात आणि मागच्या बंपरवर असतात, टपावर कधी नाही.

आता एक विचित्र गोष्ट बघा. पावसाळ्यात पाण्यानं रस्त्यावरचं डांबर खडीपासून सुटतं आणि खड्डे पडतात हे आपण दरवर्षी बघतो. मग तेच पाणी प्रेशर वॉशरनं धडाधड मारलं तरी गाडीवरचं डांबर का सुटत नाही? कारण दगडाच्या पृष्ठभागाला पाणी आवडतं, डांबरापेक्षा जास्त आवडतं. सिलिकावाल्या दगडात तर हे फारच असतं, आपला काळा बेसाल्ट त्या मानानं डांबर बरं धरून ठेवतो, तरी फट मिळाली की पाणी आत शिरतं आणि डांबराला बाजूला सारून स्वतः दगडाला चिकटतं. गाडीचा पेंट मात्र प्लास्टिकच्या घराण्यातला, त्याला पाण्याचं फारसं आकर्षण नाही, तेलकट पदार्थाचं आहे. त्यामुळं डांबर आणि पेंट यांच्यामध्ये पाणी घुसतच नाही. तासभर पाणी मारा, पाण्याचं बिल वाढेल, आणि आपल्या गावात नळाला पाणी कसं येतं ते सांगायला नकोच.

एक अपवाद आहे आणि तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. नवा थर टाकायच्या आधी रस्त्यावर तपकिरी, चॉकलेटी रंगाचा पातळ द्रव फवारलेला दिसतो ना, ते इमल्शन असतं. म्हणजे डांबराचे अतिसूक्ष्म थेंब साबणासारख्या रसायनाच्या मदतीनं पाण्यात तरंगत ठेवलेले. तो रंग तपकिरी आहे तोवर त्यात पाणी आहे. दगडाला लागल्यावर थोड्याच वेळात इमल्शन फुटतं, थेंब एकमेकांना चिकटतात, पाणी वेगळं होतं आणि सगळं काळं पडतं. गाडीवर उडालेलं इमल्शन अजून तपकिरी असेल तर लगेच पाण्यानं धुतलं तर निघून जातं, अगदी पाण्याच्या बाटलीनं रस्त्याच्या कडेलाच उरकता येतं. काळं झालं की ती संधी गेली.

काळं झाल्यावर मग सरळ नियम, तेलकटाला तेलकटच विरघळवतं. डांबराचे रेणू जवळपास सगळे कार्बन आणि हायड्रोजनचे, त्यांना तसलाच द्रव लागतो. म्हणून सॅनिटायझरनं काही होत नाही. जिल्ह्यात एवढे साखर कारखाने इथेनॉल बनवतात, पण इथेनॉल, म्हणजे सॅनिटायझरमधलं अल्कोहोल, पाण्याच्या बाजूचं आहे, डांबराला ते ओळखही देत नाही.

पण डांबर म्हणजे एकच पदार्थ नाही. त्याची रचना शेंगाचटणीसारखी आहे म्हणा, कुटलेले कण आणि त्यांना बांधून ठेवणारं तेल. कण म्हणजे अॅस्फाल्टीन नावाचे मोठे जाडजूड रेणू, तेल म्हणजे बाकीचे हलके रेणू. गंमत अशी की हे मोठे रेणू टोल्यूइनमध्ये विरघळतात पण हेप्टेनमध्ये विरघळत नाहीत, दोन्ही पेट्रोलियमचेच भाऊबंद असूनही, आणि लॅबमध्ये अॅस्फाल्टीन ओळखतात ते याच फरकावरनं. म्हणून रॉकेल लावल्यावर ठिपका पाण्यासारखा पातळ होऊन वाहून जात नाही, आधी त्यातलं तेल सुटतं, ठिपका मऊ पडतो, कडेनं तपकिरी ओघळ यायला लागतात आणि काळे कण मागं राहतात. ते बघून लोकांना वाटतं काम होत नाहीये, आणि ते घासायला लागतात. होतंय हो, थांबा जरा.

मग लावायचं काय? बाजारातले टार रिमूव्हर म्हणजे बहुतेक पेट्रोलियमचे द्रावक, काहींमध्ये संत्र्याच्या सालीतनं निघणारं लिमोनीन. डब्ल्यूडी-४० पण चालतं, १९५३ साली पाणी हटवायचा फॉर्म्युला शोधताना चाळिसावा प्रयत्न जमला म्हणून ते नाव पडलं, त्यातही बराचसा पेट्रोलियम द्रावक आणि थोडं तेल आहे. रॉकेल मिळत असेल तर उत्तम, नाहीतर रंगाच्या दुकानात मिळणारं टर्पेंटाईन. डिझेल पण चालतं, जरा हळू काम करतं आणि मागं तेलकट थर ठेवतं. पेट्रोल मात्र नको. ते उन्हात इतक्या लवकर उडतं की भिजवायला वेळच देत नाही, त्याची वाफ थंडीतसुद्धा ठिणगीनं पेट घेते, आणि त्यात थोडं का होईना बेन्झीन असतं.

थिनरचा विषय वेगळा काढायला हवा कारण गॅरेजवाले बिनधास्त सुचवतात. कंपनीतनं आलेल्या पेंटचे थर असे असतात: पत्र्यावर गंजरोधक प्रायमर, त्यावर सरफेसर, मग रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट. सगळं मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन, त्यातला क्लिअरकोट चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. हा क्लिअरकोट १४० अंशाच्या आसपास भट्टीत भाजलेला असतो, त्यातल्या लांब साखळ्या एकमेकींना आडव्या टाक्यांनी जोडल्या जातात, त्यामुळं रॉकेलच काय, थिनरनंही तो पटकन विरघळत नाही, फार तर थोडा फुगतो. पण मधे कधी गाडी ठोकली असेल आणि गल्लीतल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यानं दार रंगवून दिलं असेल तर तिथला रंग भट्टीतला नसतो, आणि साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट, म्हणजे ज्याला अजून ड्युको म्हणतात तो असेल तर त्यात आडवे टाके नसतातच. तो थिनरमध्येच विरघळवून फवारलेला असतो, थिनर लागलं की परत विरघळणार. सेकंडहँड गाडीत कुठलं दार रंगवलंय ते सांगता येत नाही, म्हणून आधी दाराच्या खालच्या कडेला आतल्या बाजूनं थोडं द्रावक लावून बघायचं, पांढऱ्या कापडावर गाडीचा रंग आला तर तिथंच थांबायचं.

घरात काहीच नसेल तर खायचं तेल. हे खरंच काम करतं, फक्त पंधरा-वीस मिनिटं द्यावी लागतात. पण शेंगतेल घ्या, करडईचं नको. आपला भाग करडईचा, घरात ते असतंच, पण साध्या करडईच्या तेलात पाऊण हिस्सा लिनोलेइक आम्ल असतं आणि ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू जुळत जातं, चिकट होतं, शेवटी कडक पापुद्रा बनतो. याच गुणामुळं करडईचं तेल रंग-वार्निशात वापरतात. म्हणजे डांबर काढायला गेलात आणि नीट धुतलं नाही तर दारावर वार्निश मारून ठेवाल. तसल्या तेलानं भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकायचाही नाही, तो ऑक्सिजन घेताना आतल्या आत तापतो. मोकळ्या जागी पसरून वाळवायच्या.

आता प्रत्यक्ष. गाडी सावलीत आणि पत्रा हाताला गार लागला पाहिजे, म्हणजे उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत. तापलेल्या पत्र्यावर डांबर मऊ असतं हे खरं, पण द्रावक क्षणात उडून जातं. आधी साध्या पाण्यानं आणि शाम्पूनं धूळ काढा, कारण आपल्या धुळीत दगडाचा चुरा असतो आणि तो क्लिअरकोटपेक्षा कितीतरी कडक. मग ठिपक्याकडं जवळनं बघा, मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघितलात तर आणखी चांगलं. तो निव्वळ काळा नसतो. त्यात करड्या कचीचे टोकदार तुकडे रुतलेले असतात, एखादा तुकडा बाहेर डोकावत असतो, डांबर फक्त त्यांना धरून ठेवणारा डिंक. हे तुकडे पेंटवरनं फिरवणं म्हणजेच घासणं, आणि ओरखडे त्यांचेच पडतात. म्हणून कापसाचा बोळा द्रावकात भिजवून ठिपक्यावर नुसता ठेवायचा, उभ्या दारावर राहत नसेल तर वरनं प्लास्टिकचा तुकडा चिकटवायचा, आणि तीन-चार मिनिटं दुसऱ्या ठिपक्याकडं जायचं. परत आल्यावर बोळा सरळ उचलायचा, दाबून पुसायचं नाही. बोळ्यावर तपकिरी डाग आणि मधे कचीचे कण आलेले दिसतील. उरलं असेल तर नवा बोळा, तोच परत नाही. जुन्या ठिपक्याला तीन-चार फेऱ्या लागतात, कारण ऊन आणि ऑक्सिजननं डांबर महिन्यागणिक कडक होत जातं. पांढऱ्या गाडीवर कधी कधी काळं सगळं जाऊन पिवळट छटा राहते, डांबरातलं हलकं तेल पेंटमध्ये मुरलेलं असतं, ते मग पॉलिशनंच कमी होतं.

काचांच्या कडेचं रबर रॉकेलनं फुगतं, तिथं बोळा न्यायचा नाही. हेडलाईटचं कव्हर काच नसून पॉलीकार्बोनेट असतं, थिनर किंवा पेट्रोल लागलं तर बारीक जाळी पडते. ब्रेकच्या डिस्कवर तेलकट थेंबही नको, हे सांगायची गरज नसावी. हातमोजे घाला, आणि हाताला डांबर लागलंच तर शेंगतेल आणि साबण, रॉकेलनं हात धुवू नका.

डांबर गेल्यावर तो भाग शाम्पूनं परत धुवायचाच, कारण द्रावकाचा तेलकट थर धूळ धरतो. बोअरचं पाणी असेल तर ते गाडीवर सुकू देऊ नका, क्षारांचे पांढरे डाग डांबरापेक्षा चिवट असतात. पुसायला मायक्रोफायबर. सोलापुरी टेरी टॉवेलला जीआय मानांकन आहे, अंग पुसायला त्याच्यासारखा टॉवेल नाही, पण जुना झालेला टॉवेल गाडीला नको, त्याच्या सुती फासात कच अडकून बसते आणि शिलाईची कड पेंटवर रेघा मारते.

द्रावकानं डांबराबरोबर तिथलं वॅक्सही नेलेलं असतं, म्हणून तो पट्टा उघडा पडतो. कार्नाउबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानावरचं मेण, ते ८२ ते ८६ अंशाला वितळतं, काळ्या गाडीचा पत्रा आपल्या उन्हात त्याच्या बराच जवळ जातो, त्यामुळं डब्यावर जे महिने लिहिलेले असतात ते इथं धरू नका. सिंथेटिक सीलंट उन्हात जास्त टिकतो, माझं मत त्याच्याच बाजूनं. सिरॅमिक कोटिंगवाले सांगतात की काही चिकटतच नाही, ते खरं नाही. तो सिलिकाचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा, डांबर त्यावरही बसतं, फक्त पकड कमी असल्यामुळं लवकर सुटतं आणि रॉकेल त्याला काही करत नाही. पैसे घालायचेच असतील तर पूर्ण गाडीला कोटिंग करण्यापेक्षा चाकामागच्या आणि दाराखालच्या पट्ट्याला पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) लावा, ती पॉलीयुरेथेनची दीडशे-दोनशे मायक्रॉनची जाड फिल्म असते, कच पण तीच झेलते. आणि त्याच्याही आधी चारी चाकांना मडफ्लॅप बसवा. बऱ्याच गाड्यांना ते कंपनीतनं येतच नाहीत, वेगळे घ्यावे लागतात, काहीशे रुपयांचं काम आहे आणि दारावर येणारं बरंचसं डांबर तिथंच अडतं.