ट्विटरच्या आधीचा इव्हान विल्यम्स

फजिती झाली की आपण म्हणतो, ‘करायला गेलो गणपती आणि झाला मारुती’. इव्हान विल्यम्सच्या बाबतीत हे दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा मारुतीच गाजला. पहिला मारुती ब्लॉगर ही ब्लॉग लिहायची सेवा, दुसरा ट्विटर (आजचं एक्स). गणपती कोणते होते, ते आज फारसं कुणाला आठवत नाही.

विल्यम्सचा जन्म १९७२ चा, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातला. क्लार्क्स हे त्याचं गाव जेमतेम तीन-चारशे वस्तीचं. घरची शेती, मका आणि सोयाबीनची. दीड वर्षात विद्यापीठ सोडून त्याने वडिलांच्या पैशावर कंपनी काढली. इंटरनेट कसं वापरायचं ते शिकवणारा व्हिडिओ, नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या चाहत्यांसाठी सीडी-रॉम... एक ना धड, भाराभर चिंध्या. वडिलांचे पैसे बुडाले. मग तो कॅलिफोर्नियात आला, ओ’रायली या तांत्रिक पुस्तकांच्या प्रकाशनात चिकटला, तिथूनही लवकरच निघाला आणि सुटी कामं घेऊ लागला.

१९९९ च्या सुरुवातीला मेग हॉरिहन आणि त्याने सॅन फ्रान्सिस्कोत ‘पायरा लॅब्स’ काढली. बनवायचं होतं कामाचं नियोजन करणारं सॉफ्टवेअर: कुणाकडे कोणतं काम, कुठवर आलं, वगैरे. ते बनवताना आपसातल्या नोंदी टाकण्यासाठी त्यांनी घरगुती वापराचं एक छोटं साधन केलं होतं. तोवर वेबपानावर एक ओळ वाढवायची तरी एचटीएमएलची फाइल उघडा, दुरुस्त करा, पुन्हा सर्व्हरवर चढवा, अशी यातायात असे. इथे चौकटीत मजकूर लिहायचा, बटण दाबायचं, की तो तारीखवार पानावर जाऊन बसायचा. ऑगस्ट १९९९ मध्ये हेच ‘ब्लॉगर’ म्हणून लोकांसमोर आलं. मुख्य सॉफ्टवेअर मागे पडत गेलं.

लोक आले, पण पैसा येईना; सेवा तर फुकट होती. २००० मध्ये डॉट-कॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरच्या भावांचा, फुगा फुटला आणि नवीन गुंतवणूकदार दारात उभं करीनात. २००१ च्या जानेवारीत सर्व्हर घ्यायला कंपनीने चक्क वापरणाऱ्यांपुढे झोळी पसरली. दहा हजार डॉलरहून जास्त वर्गणी जमली. यंत्रं आली, पण पगाराचं काय? महिना संपता संपता हॉरिहनसह सगळे गेले. ‘आता एकटाच उरलो’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली विल्यम्सने ते स्वतःच्या ब्लॉगवर लिहिलं. माझ्या मते त्याच्या सगळ्या प्रवासातला खरा कसोटीचा काळ हाच. पुढचं श्रीमंतीचं प्रकरण त्यामानाने सोपं. व्हिजिकॅल्क या पहिल्या गाजलेल्या स्प्रेडशीटचा एक जनक डॅन ब्रिकलिन याच्या ट्रेलिक्स कंपनीने करार करून थोडे पैसे दिले, म्हणून दिवा तेवत राहिला. फेब्रुवारी २००३ मध्ये गूगलने पायरा विकत घेतली. पुढे मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्या कित्येकांच्या पत्त्यात ‘ब्लॉगस्पॉट’ आलं, ते याच घराण्यातलं.

२००४ मध्ये गूगल सोडून त्याने शेजारी राहणाऱ्या नोआ ग्लासबरोबर ‘ओडिओ’ हा पॉडकास्टचा धंदा उभा केला. या खेपेला पैसा होता, नाव होतं. नव्हती ती गरज. आपण स्वतःच पॉडकास्टच्या फार नादी लागलेलो नाही, हे त्यानेच पुढे कबूल केलं. जून २००५ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणले आणि ओडिओच्या पायाखालची वाळू सरकली.

मग कंपनीतल्यांनीच छोटे गट करून नवं काही सुचतंय का, ते बघायला घेतलं. जॅक डॉर्सीची कल्पना होती, आपण आत्ता काय करतोय ते एसएमएसने सगळ्या मित्रांना कळवण्याची. एसएमएसला मर्यादा १६० अक्षरांची. त्यातली २० लिहिणाऱ्याच्या नावासाठी राखली, उरली १४०. पुढे ज्या आखूडपणाबद्दल एवढं लिहिलं-बोललं गेलं, त्याचं मूळ हे मोबाइलवाल्यांच्या हिशेबात आहे. २१ मार्च २००६ ला डॉर्सीने पहिला संदेश टाकला. हेच ट्विटर.

ऑक्टोबर २००६ मध्ये विल्यम्सने ओडिओ गुंतवणूकदारांकडून परत विकत घेतली. त्यात ट्विटरही आलं. गुंतवणूकदारांना तेव्हा हा सौदा बरा वाटला असणार. बुडत्या कंपनीतून मुद्दल सुटत होतं. पाचच महिन्यांनी, मार्च २००७ मध्ये, ऑस्टिनच्या ‘साउथ बाय साउथवेस्ट’ या संगीत आणि तंत्रज्ञानाच्या महोत्सवात सभागृहाबाहेरच्या पडद्यांवर ट्विटरचे संदेश धावू लागले आणि दिवसाला २० हजारांवरून आकडा ६० हजारांवर गेला. ‘ट्विटर’ हे नाव शोधून काढणाऱ्या नोआ ग्लासला मात्र त्याआधीच कंपनीतून घालवण्यात आलं होतं.