निरोप धाडा, हात घालू नका

एका खात्यात १००० रुपये आहेत. ही रक्कम संगणकाच्या मेमरीत एका जागी लिहून ठेवली आहे आणि दोन प्रोसेसर ती जागा थेट वाचू-लिहू शकतात. पहिल्याला ३०० रुपये काढायचेत, दुसऱ्याला ५०० भरायचेत. दोघेही एकदमच शिल्लक वाचतात: १०००. पहिला वजाबाकी करून ७०० लिहितो. दुसऱ्याच्या हातात जुनाच आकडा आहे, त्यात ५०० मिळवून तो १५०० लिहून टाकतो. व्हायला हवे होते १२००. आता ३०० रुपये काढल्याची खूणसुद्धा उरलेली नाही. बेरीज बरोबर, वजाबाकीही बरोबर, तरी हिशेब चुकला. बरं, हा घोळ दरवेळी होत नाही, कधीतरीच होतो. म्हणून तर तो शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

यावर एक उपाय म्हणजे कुलूप: एकाचं काम आटोपेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. दोन-चार प्रोसेसर असतील तोवर हे चालून जातं. शेकडो झाले की सगळा वेळ रांगेतच जातो, आणि एकाच मेमरीकडे जाणाऱ्या वाटेवर ही गर्दी उसळते.

दुसरी वाट मुळापासून वेगळी आहे. प्रत्येक प्रोसेसरला त्याची स्वतःची मेमरी द्यायची. शेजाऱ्याच्या मेमरीत त्याला डोकावताच येणार नाही. काही हवं असेल तर निरोप पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. हीच विभागलेली मेमरी, म्हणजे डिस्ट्रिब्यूटेड मेमरी. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कॅलटेक या तंत्रविद्यापीठात ६४ साधे प्रोसेसर असे जोडून ‘कॉस्मिक क्यूब’ उभा राहिला. प्रत्येकाला थेट शेजारी सहाच. त्याच सुमारास ब्रिटनमधल्या इनमॉस कंपनीने ट्रान्सप्यूटर नावाची चिप काढली. प्रोसेसर, थोडी मेमरी आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार तारा, असं सगळं एकाच चिपवर.

या चिपचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. अमेरिका हवे ते महासंगणक द्यायला तयार नव्हती, म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था सुरू झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात ६४ नोड (प्रोसेसर आणि त्याची स्वतःची मेमरी मिळून एक नोड) होते आणि सगळे ट्रान्सप्यूटरवर चालणारे. त्या काळी एकच अतिवेगवान प्रोसेसर घडवणं आपल्या आवाक्याबाहेरचं होतं. बाजारात मिळणारे अनेक प्रोसेसर घेऊन त्यांना एकमेकांशी नीट बोलायला लावणं मात्र जमण्यासारखं होतं. मला यात त्या मंडळींची खरी हुशारी दिसते.

अशा यंत्रावर हवामानाचं गणित कसं मांडतात ते बघण्यासारखं आहे. नकाशावर जाळी आखायची, तिचे तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा एकेका नोडला द्यायचा. प्रत्येक बिंदूचं पुढचं तापमान आजूबाजूच्या बिंदूंवर ठरतं. तुकड्याच्या आतल्या बिंदूंची अडचण नाही, पण काठावरच्या बिंदूंचा शेजार दुसऱ्याच नोडकडे असतो. म्हणून दर पायरीला आपल्या काठाचे आकडे शेजाऱ्यांना द्यायचे, त्यांचे घ्यायचे, मग पुढचं गणित. तुकडा १०० बाय १०० असेल तर बिंदू १०,००० आणि काठावर जेमतेम ४००. तोच १० बाय १० केला तर १०० बिंदूंमध्ये ३६ काठावरचे! फार बारीक वाटणी केली की काम कमी आणि निरोपांची ये-जाच जास्त.

असा प्रोग्रॅम मी पहिल्यांदा लिहिला तेव्हा तो चालू होताच गोठला. ना चूक दाखवली, ना उत्तर दिलं. रात्री उशिरा उमगलं की मी दोन्ही नोडना ‘आधी शेजाऱ्याचा निरोप घे, मग आपला पाठव’ असं सांगितलं होतं. दोघंही एकमेकांची वाट बघत बसले होते. एकाचा क्रम उलटा केला आणि काम सुरळीत सुरू झालं.

गंमत म्हणजे ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगही असंच निरोपांवर उभं राहिलं. त्याचं मूळ नॉर्वेतल्या ओस्लोत. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्युगॉर यांच्या ‘सिम्युला ६७’ या भाषेत माहिती आणि त्या माहितीवर चालणारी कामं एकाच ऑब्जेक्टमध्ये बांधली गेली. पुढे ‘स्मॉलटॉक’ ही भाषा घडवणाऱ्या अ‍ॅलन के यांनी जीवशास्त्र शिकलेलं होतं. त्यांच्या नजरेसमोर पेशी होत्या: आतलं आत ठेवणाऱ्या, बाहेरच्यांशी फक्त निरोपांनी बोलणाऱ्या. ‘ऑब्जेक्ट’ या शब्दावर लोकांचं लक्ष खिळलं, खरी गोष्ट निरोपांची होती, अशी खंत त्यांनी नंतर बोलून दाखवली.

म्हणजे आपलं खातं आता ऑब्जेक्ट झालं. शिल्लक त्याच्या पोटात. बाहेरच्याने ‘३०० काढ’ एवढंच सांगायचं, पैसे आहेत की नाहीत ते खातंच बघेल. पण एक गोष्ट शिकवताना बरेचदा राहून जाते. जावा किंवा सी++ या भाषांमध्ये शिल्लक नुसती लपवल्याने सुरुवातीचा घोळ मिटत नाही, कारण दोन थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या दोन धारा, त्याच ऑब्जेक्टचं काम एकदम सुरू करू शकतात. तो मिटतो ते ऑब्जेक्टने एका वेळी एकच निरोप हाती घेतला तर. कार्ल ह्यूइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३मध्ये मांडलेल्या ‘अ‍ॅक्टर’ कल्पनेत हेच आहे, आणि एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडलेली एरलँग भाषा याच वळणाची.

आता हे खातं दुसऱ्या शहरातल्या संगणकावर ठेवू. प्रोग्रॅममधली ओळ अगदी तशीच दिसेल: खात्याला सांग, ३०० काढ. शेजारच्या ऑब्जेक्टला सांगायला काही नॅनोसेकंद पुरतात, इथे मिलिसेकंद लागतील, म्हणजे लाखो पट उशीर. त्याहून अवघड प्रश्न निराळाच. उत्तर आलंच नाही तर? निरोप वाटेत हरवला, की पैसे कापले गेले आणि पोच तेवढी हरवली? पाठवणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. पुन्हा पाठवावं तर कदाचित ६०० जातील. म्हणून प्रत्येक निरोपाला एक क्रमांक देतात आणि पुन्हा पाठवताना तोच ठेवतात. खातं आपल्या पोटात शिल्लक आणि पूर्ण झालेल्या निरोपांचे क्रमांक, दोन्ही जपतं. तोच क्रमांक पुन्हा आला की पैशांना हात न लावता पोच तेवढी परत पाठवतं.