आंतरराष्ट्रीय वाररेषा

पॅसिफिक महासागरातून, साधारणपणे १८०° रेखावृत्ताला धरून उत्तर-दक्षिण गेलेली काल्पनिक रेषा. ती ओलांडली की वार आणि तारीख बदलते. रेषेच्या आशियाकडच्या बाजूला वार एकाने पुढे असतो आणि अमेरिकेकडच्या बाजूला एकाने मागे. ‘पूर्वेला गेल्यावर दिवस मिळवायचा की वजा करायचा’ हे पाठ करण्यापेक्षा एवढेच ध्यानात ठेवावे, म्हणजे गल्लत होत नाही.

अशी रेषा मुळात लागते कशाला? पृथ्वी एका तासात १५° फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. पश्चिमेकडे निघालेला प्रवासी सूर्याच्या मागे मागे जात असतो, त्यामुळे त्याचा प्रत्येक दिवस किंचित लांबतो. पूर्ण प्रदक्षिणा झाली की या किंचितांची बेरीज बरोबर २४ तास होते आणि त्याच्या मोजणीत एक दिवस कमी भरतो. पश्चिमेकडे निघून पृथ्वीला पहिली प्रदक्षिणा घालणाऱ्या मॅगेलनच्या मोहिमेतले १८ जण ६ सप्टेंबर १५२२ रोजी ‘व्हिक्टोरिया’ जहाजातून स्पेनला पोहोचले. त्याआधी जुलैत आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या केप व्हर्द बेटांवर थांबले असताना त्यांच्या हिशेबाने बुधवार होता, बेटावर मात्र गुरुवार. मोहिमेचा वृत्तांत लिहिणाऱ्या पिगाफेताने रोजची नोंद एकही दिवस न चुकवता ठेवली होती, त्यामुळे हा फरक त्याला फार चकित करून गेला. चूक कोणाचीच नव्हती. जवळजवळ तीन वर्षांच्या प्रवासात रोजचा दिवस सरासरी सव्वा मिनिटाहून थोडा अधिक लांबत गेला होता, आणि तो हिशेब कुठेतरी चुकता करणे भागच होते.

समजायला अवघड जाते ते पुढचे. पृथ्वीवर दोन तारखांमधल्या सीमा एकाच वेळी दोन असतात. एक म्हणजे मध्यरात्र. ती तासाला १५° या वेगाने पश्चिमेकडे सरकत असते आणि आपल्या मागे नवा वार पसरत जाते. दुसरी सीमा जागची हलत नाही, तीच वाररेषा. नवा वार रेषेपाशी जन्मतो, जग व्यापतो आणि रेषेपाशीच संपतो. ‘तारीख फक्त वाररेषेवर बदलते’ असा समज असतो तो म्हणूनच अपुरा आहे. घरी झोपलेल्या माणसाची तारीखही रोज बदलते, फक्त त्याच्याकडे सीमा स्वतः चालत येते.

रेषा नेमकी १८०° वर असती तर भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेपाचला क्षणभर साऱ्या जगात एकच तारीख आली असती. प्रत्यक्षात जगातल्या प्रमाणवेळा ग्रिनिचच्या १२ तास मागे ते १४ तास पुढे अशा २६ तासांवर पसरल्या आहेत. परिणामी रोज दोन तास जगात एकदम तीन वार चालू असतात. मंगळवारी आपल्याकडे दुपारचे ४ वाजलेले असताना अमेरिकन सामोआतल्या पागो पागोत सोमवारी रात्रीचे साडेअकरा असतात आणि किरिबाटी या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशातल्या किरितिमाती बेटावर बुधवार लागून अर्धा तास झालेला असतो.

ही रेषा कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराने आखलेली नाही. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथे २५ देशांच्या परिषदेत ग्रिनिचचे मूळ रेखावृत्त ठरले, वाररेषा नाही. आपल्या मुलुखात कोणता वार पाळायचा हे जो तो देश ठरवतो आणि नकाशे काढणारे त्याप्रमाणे रेषा वळवतात. म्हणूनच ती इतकी वाकडी आहे. उत्तरेला ती बेरिंगच्या सामुद्रधुनीतल्या दोन डायमीड बेटांमधून जाते. मोठे रशियाचे, लहान अमेरिकेचे, मध्ये जेमतेम ४ किलोमीटर पाणी. पण घड्याळांत फरक २१ तासांचा, उन्हाळ्यात २०. पुढे अल्यूशन बेटे अमेरिकेच्या बाजूला राहावीत म्हणून ती पश्चिमेला झुकते. फिजीच्या ताव्हेउनी बेटावरून तर १८०° रेखावृत्त थेट जमिनीवरून जाते, पण एका बेटावर दोन वार नकोत म्हणून वाररेषा पूर्वेला सरकवलेली आहे.

सर्वांत मोठा फुगवटा किरिबाटीचा. या देशाची बेटे रेषेच्या दोन्ही अंगांना विखुरलेली. राजधानी तारावात सोमवार उजाडला की पूर्वेकडच्या लाइन बेटांवर रविवारची सुट्टी, आणि तिथे शुक्रवारचे काम चालू असताना तारावात शनिवार. दोन्हीकडच्या सरकारी कचेऱ्या आठवड्यातले चारच दिवस एकमेकींच्या उपयोगी पडत. १९९४ संपून १९९५ सुरू होताना पूर्वेकडच्या बेटांनी एक दिवस गाळला आणि रेषा तिथे जवळजवळ १५०° पश्चिम रेखांशापर्यंत गेली.

सामोआने तर वार दोनदा बदलला. अमेरिकेशी व्यापार होता तेव्हा, १८९२ मध्ये, त्यांनी ४ जुलैचा सोमवार दोनदा पाळला. पुढे व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी वाढला आणि तोच वार अडचणीचा ठरला, म्हणून २०११ मध्ये गुरुवार २९ डिसेंबरनंतर थेट शनिवार ३१ डिसेंबर आला. ३० तारखेचा शुक्रवार तिथे झालाच नाही. शेजारच्या अमेरिकन सामोआने मात्र जुना वार सोडला नाही. आज सामोआची राजधानी आपियाहून शनिवारी संध्याकाळी ५ वाजता निघालेले छोटे विमान तासाभराच्या आत पागो पागोला उतरते, तेव्हा तिथे शुक्रवारची संध्याकाळ असते.

हिशेब करताना हमखास होणारी चूक म्हणजे एकच दिवस दोनदा वजा करणे. विमानाच्या तिकिटावर निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणची छापलेली असते. वाररेषेचा हिशेब त्यात झालेला असतो, वर आणखी काही करायचे नसते. स्वतः काढायचे असेल तर आधी आपल्या प्रमाणवेळेवर यावे. ऑकलंडला जुलैत सोमवारी सकाळचे १० वाजले आहेत. साडेसहा तास वजा केले की भारतात सोमवारी पहाटेचे साडेतीन. होनोलुलू आपल्या साडेपंधरा तास मागे, म्हणजे तिथे रविवारी दुपारचे १२. या पद्धतीत रेषेचे नावही घ्यावे लागत नाही. न्यूझीलंडमध्ये साधारण ऑक्टोबर ते मार्च घड्याळ एक तास पुढे असते, तेव्हा साडेसहाऐवजी साडेसात धरावेत.

धार्मिक वारांचा प्रश्न रेषेने सुटत नाही, उलट तिथे तो उभा राहतो. टोंगा १८०° च्या पूर्वेला असूनही आशियाकडचा वार पाळतो. तिथले सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे लोक ही वळलेली रेषा मानत नाहीत, म्हणून देशाच्या रविवारी ते आपला शनिवारचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा आणि उपासनेचा दिवस, पाळतात. आपल्या पंचांगात वार सूर्योदयापासून मोजतात, तर तिथी साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी सुरू होते आणि एकाच क्षणी संपते. परदेशातल्या मराठी घरांत भारतातली दिनदर्शिका जशीच्या तशी चालत नाही ती यामुळे. २०२३ मध्ये भाद्रपद शुद्ध चतुर्थी भारतीय वेळेनुसार १८ सप्टेंबरच्या दुपारी लागून १९ च्या दुपारी संपली. गणपतीची स्थापना मध्यान्हीच्या चतुर्थीवर होते, म्हणून पुण्यात आणि ऑकलंडमध्ये ती मंगळवारी १९ ला आली, आणि सॅन फ्रान्सिस्कोत सोमवारी १८ लाच.