पुएर्तो नारिन्योला जायचंय? व्हिसाच्या आधी लस, आणि मग बाकीचे कागद

पुएर्तो नारिन्योला रस्ता जात नाही. कोलंबियाच्या अगदी दक्षिण टोकाला लेतिसिया नावाचं शहर आहे. तिथपर्यंत बोगोताहून विमानाने सुमारे दोन तास, आणि तिथून अॅमेझॉनमधून प्रवाहाच्या उलट दिशेने बोटीने आणखी साधारण दोन तास. लोरेतोयाकू नदी अॅमेझॉनला मिळते तिथे, उंचवट्यावर हे गाव वसलंय. गावात मोटारी नाहीत, मोटरसायकली नाहीत. घराघरांमधून पायवाटा जातात, पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या दिसतात, आणि संध्याकाळी मुलांच्या फुटबॉलचा आवाज सोडला तर नदीचाच आवाज. टिकुना, कोकामा आणि यागुआ या तीन आदिवासी समाजांचं हे गाव. त्यांच्या सामूहिक राखीव भूमीचं नाव तिकोया, तिन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून केलेलं.

तिथं जाऊन आल्यापासून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "व्हिसा कसा मिळाला?" माझं उत्तर ठरलेलं आहे: व्हिसाचं नंतर बघा, आधी लस घ्या. या प्रवासाचे कागद परतीच्या टोकापासून जमवत आणावे लागतात. तिकिटापासून सुरुवात करणारे हमखास अडकतात.

लस आणि पिवळं कार्ड

यलो फीवर म्हणजे पीतज्वर. भारतात हा आजार नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघरी आहे. म्हणून आपलं सरकार या बाबतीत फार कडक आहे, आणि ते योग्यच आहे. कोलंबिया भारताच्या जोखमीच्या देशांच्या यादीत येतो. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, म्हणजेच पिवळं कार्ड, जवळ नसेल, तर विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात. सहा दिवसांतले उरलेले दिवस तिथंच काढावे लागतात. म्हणजे हे कार्ड जाताना कोणी विचारो न विचारो, येताना मुंबईत विचारणारच. शिवाय 2025 मध्ये कोलंबियात या तापाची साथ आली आणि सरकारला आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. तेव्हा ही केवळ कागदाची गोष्ट समजू नका, ती तुमच्या जिवाची आहे.

लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्यावी लागते, कारण प्रमाणपत्रावर त्या केंद्राचा शिक्का हवा. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना हे काम करतात. मान्य केंद्रांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. तिथं मूळ पासपोर्ट घेऊन जायचं. आधी वेळ घ्यायची, कारण एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी उघडल्यावर ती थोड्या वेळात संपवावी लागते, म्हणून ठरावीक दिवशी ठरावीक लोकांना बोलावतात. नोंदणी लवकर भरते. मी दोन महिने आधी लागलो होतो तरी मनासारखी तारीख मिळाली नाही.

लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होतं. आठव्या दिवशी विमानात बसलात आणि लगेच परतलात तर कार्ड असून नसल्यासारखं. 2016 पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी धरलं जातं, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी आफ्रिकेत नोकरीला गेलेल्या कोणाकडे जुनं कार्ड असेल तर ते चालतं.

आता एक बारीक गोष्ट, जी मला स्वतःला भोवली. त्या पिवळ्या कार्डावर नावाखाली पासपोर्टचा नंबर हाताने लिहितात. माझा पासपोर्ट मधल्या काळात नूतनीकरण होऊन आला आणि नंबर बदलला. परतताना काउंटरवरच्या अधिकाऱ्याने कार्ड आणि पासपोर्ट शेजारी शेजारी धरले, बोटाने एकेक अंक ताडून पाहिला आणि मला बाजूला उभं केलं. कोपरा कापलेला जुना पासपोर्ट बॅगेत होता म्हणून सुटलो. तुमचाही नंबर बदलला असेल तर जुना पासपोर्ट सोबत ठेवा, किंवा केंद्रात जाऊन कार्डावर दुरुस्ती करून घ्या.

ही लस जिवंत विषाणूची आहे. गरोदर बाई, नऊ महिन्यांच्या आतलं बाळ, अंड्याची तीव्र अॅलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेले आणि साठीच्या पुढचे यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. डॉक्टरांनी सूट दिल्याचं पत्र मिळतं, पण तेवढ्यावर भारतात विलगीकरण टळेल असं गृहीत धरू नका. आईवडिलांना सोबत न्यायचा बेत असेल तर हे सगळ्यात आधी विचारा. त्या भागात मलेरियाही आहे. त्याच्या गोळ्यांचं त्याच भेटीत विचारून घ्या.

व्हिसा कोणाला लागतो, कोणाला नाही

भारतीय पासपोर्टवर कोलंबियाला व्हिसा लागतो. पण 2022 च्या नियमात एक मोठी सवलत आहे. तुमच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असेल, किंवा शेंगेनचा (सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटाचा) सी अथवा डी प्रकारचा व्हिसा असेल, आणि कोलंबियात पाय ठेवायच्या दिवशी त्याची मुदत किमान 180 दिवस उरलेली असेल, तर वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिकेचा सी-1 हा ट्रान्झिट व्हिसा मात्र यात धरत नाहीत. अमेरिकेचं ग्रीन कार्ड किंवा शेंगेन देशाचा रहिवासी परवाना असेल तरी सवलत मिळते. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, जर्मनीतल्या आपल्या मंडळींना म्हणूनच हा प्रवास सोपा पडतो.

180 दिवस म्हणजे 180 दिवस. माझ्या एका मित्राच्या अमेरिकन व्हिसाची पाच महिन्यांहून थोडी जास्त मुदत उरली होती. त्याने "चालून जाईल" म्हणून तिकीट काढलं, आणि त्याला मुंबईतच चेक-इनला थांबवलं. नियम विमान कंपनीच्या संगणकात असतो, तिथं माणसाशी हुज्जत घालून उपयोग नसतो. म्हणून तिकीट काढण्याआधी कॅलेंडर घेऊन दिवस मोजा.

ज्यांना ही सवलत लागू नाही त्यांनी पर्यटनासाठी व्हिजिटर प्रकारचा व्हिसा काढायचा. अर्ज कोलंबियाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरतात. सगळी कागदपत्रं स्कॅन करून तिथंच चढवायची: पासपोर्टचं माहितीचं पान, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो, बँकेची खातेपत्रकं, येण्याजाण्याचं आरक्षण, राहण्याचं ठिकाण आणि कुठे कधी असणार याचा तपशील. नोकरी असेल तर रजेचं पत्र, धंदा असेल तर नोंदणीचे कागद जोडा. मुख्य कागदांचं स्पॅनिश भाषांतर जोडलेलं बरं. फी दोन टप्प्यांत असते: अर्ज तपासण्याची आधी, आणि मंजूर झाल्यावर व्हिसाची. तपासणीची फी अर्ज नाकारला तरी परत मिळत नाही.

तपासणीला 30 दिवसांपर्यंत लागू शकतात. मध्येच आणखी कागद मागतात, कधी मुलाखतीलाही बोलावतात. त्यासाठी दिलेला ईमेल रोज उघडून बघा, स्पॅम फोल्डरसकट. कोलंबियाचा दूतावास नवी दिल्लीत आहे, पण सारं ऑनलाइन असल्याने सहसा तिथं जावं लागत नाही. व्हिसा पीडीएफ म्हणून येतो. त्याच्या दोन छापील प्रती घ्या, फोनच्या भरवशावर राहू नका.

वाटेत कुठे विमान बदलणार, हाही व्हिसाचाच प्रश्न आहे. अमेरिकेतून गेलात तर विमानतळाबाहेर न पडताही अमेरिकन व्हिसा लागतो. युरोपातल्या काही देशांत भारतीयांना विमानतळ ट्रान्झिट व्हिसा लागतो, तेव्हा तिकिटाआधी तपासा. इस्तंबूलहून बोगोताला विमान आहे. एकाच तिकिटावर, विमानतळाबाहेर न पडता बदललंत तर तिथं व्हिसाचा प्रश्न येत नाही.

बोगोताचा शिक्का

कोलंबियात शिरताना आणि तिथून बाहेर पडताना चेक-मिग नावाचा ऑनलाइन फॉर्म भरतात. विमान सुटण्याच्या 72 तास आधीपासून एक तास आधीपर्यंत तो भरता येतो. तो पूर्ण मोफत आहे. शोध घेताना पैसे मागणारी दुसरीच संकेतस्थळं वर येतात, त्यांच्या नादी लागू नका. मिग्रासिओन कोलंबिया या सरकारी खात्याचंच पान उघडा.

बोगोताला अधिकारी विचारतो कुठे जाणार, किती दिवस. परतीचं तिकीट हाताशी ठेवा. व्हिसा न लागणाऱ्यांना साधारण 90 दिवसांपर्यंतची परवानगी मिळते, पण अधिकारी त्यापेक्षा कमी दिवसही देऊ शकतो. शिक्क्यावर दिवस लिहिलेले असतात, तो आकडा काउंटरवरून हलण्याआधी वाचा. पुढे जंगलात गेल्यावर ते कोणी दुरुस्त करून देणार नाही.

लेतिसियापासून गावापर्यंत

लेतिसियाच्या विमानतळावर बाहेरून येणाऱ्या पर्यटकाला पर्यटन कर भरावा लागतो. रक्कम बदलत असते, म्हणून कोलंबियन पेसोची रोकड हाताशी ठेवा. पावती सांभाळा. पुएर्तो नारिन्योच्या धक्क्यावरही गावाची वेगळी छोटी वर्गणी घेतात. गावात पैसे काढायच्या भरवशावर जाऊ नका, जेवण, राहणं, होडी, वाटाड्या या सगळ्याची रोकड लेतिसियातूनच न्या, आणि सुट्ट्या नोटा घ्या.

बोटीचं तिकीट नदीकाठच्या कचेरीतून मिळतं. पासपोर्ट दाखवावा लागतो, नंबर प्रवासी यादीत जातो. दिवसभरात मोजक्याच बोटी असतात, म्हणून तिकीट आदल्या दिवशी काढा. ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमाराला नदी उतरते, आणि 2023 व 2024 च्या दुष्काळात तर ती इतकी आटली की बोटींची वाहतूकच अडली. त्या महिन्यांत जाणार असाल तर परतीच्या विमानाआधी लेतिसियात एक दिवस मोकळा ठेवा. पासपोर्ट, पिवळं कार्ड आणि शिक्क्याच्या पानाची झेरॉक्स जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून अंगावर ठेवा. बोटीत पाणी उडतं, आणि पाऊस आला की ताडपत्री खाली ओढेपर्यंत मांडी भिजते.

राहण्याची जागा आणि वाटाड्या ठरवताना त्यांचा राष्ट्रीय पर्यटन नोंदणी क्रमांक विचारा. कोलंबियात तो कायद्याने लागतो. हॉटेलवाला पासपोर्ट मागेल, कारण परदेशी पाहुण्याची नोंद मिग्रासिओनला कळवणं त्याच्यावर बंधनकारक असतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

जवळचं तारापोतो सरोवर 2018 पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, कोलंबियन अॅमेझॉनमधलं पहिलं. गुलाबी डॉल्फिन बघायला लोक तिथं जातात. त्यासाठी स्थानिक वाटाड्या घ्या, कारण ही भूमी समाजाच्या मालकीची आहे आणि कुठे जायचं, कुठे नाही हे तेच ठरवतात. मला ही सगळ्यात मोलाची अट वाटते. डॉल्फिनला खायला घालायचं नाही, हात लावायचा नाही, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. नातुतामा नावाचं छोटं केंद्र आधी बघा. नदीच्या पाण्याखालचं जग तिथं लाकडातून कोरून मांडलंय, आणि ते बघून झाल्यावर माणूस सरोवरावर आपोआप आवाज खाली करतो.

तीन देशांचा काठ

लेतिसियाला लागूनच ब्राझीलचं ताबातिंगा आहे, मध्ये फाटकही नाही. समोर नदीत पेरूचं सांता रोसा. स्थानिक लोक आणि दिवसापुरते फिरणारे पर्यटक इकडून तिकडे सहज जातात. म्हणून गैरसमज होतो की पुढेही असंच जाता येईल. ताबातिंगाहून मनाउसला बोटीने जायचं असेल तर ब्राझीलचा व्हिसा आधीच काढून ठेवावा लागतो. निघताना कोलंबियाचा बाहेर पडल्याचा शिक्का आणि ताबातिंगात ब्राझीलच्या फेडरल पोलिसांचा आत आल्याचा शिक्का, दोन्ही घ्यावे लागतात. पेरूतल्या इकितोसला जायचं तर तिकडचे शिक्के सांता रोसाला होतात. एक शिक्का राहिला तर पुढे दंड भरावा लागू शकतो.

इथला सीमावाद लोकांच्या मनात अजून ताजा आहे. लेतिसिया आधी पेरूचं होतं, 1922 च्या करारानं ते कोलंबियाला मिळालं, आणि 1932-33 मध्ये त्यावरून दोन्ही देश लढले. 2025 मध्ये सांता रोसाच्या बेटावरून पुन्हा वाद पेटला. म्हणून नदीवर भटकताना मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, आणि "हे बेट कोणाचं" असल्या गप्पा नावाड्याशी मारू नका.

परतताना पिसं, दात, कातडी, बिया असलं काही घेऊ नका. लेतिसियाच्या विमानतळावर सामान तपासतात. पालोसांग्रे नावाच्या लाल लाकडाचे कोरीव डॉल्फिन गावातले कारागीर करतात, ते घ्या, आणि घासाघीस करू नका. निघण्याआधी पुन्हा चेक-मिग भरा. मुंबईत इमिग्रेशनच्या रांगेआधी आरोग्य अधिकाऱ्यांचं टेबल असतं. पिवळं कार्ड तिथं पोचेपर्यंत हातात असू द्या, सामानात टाकलेल्या बॅगेत नको.