कोऱ्या कागदाची पांढरी भिंत

अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटांवर नद्या नाहीत. तिथल्या घरांची छपरे चुनखडीच्या फरश्यांची, पायऱ्यापायऱ्यांची असतात. त्यांना चुना लावतात आणि पावसाचे पाणी घराखालच्या टाकीत उतरवतात. १८९९ मध्ये विन्स्लो होमर या अमेरिकन चित्रकाराने समुद्राकाठची अशी पांढरी घरे जलरंगात रंगवली. त्यांपैकी बाग आणि बंगल्याचे एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

अशा चित्रात आधी पांढरा शोधावा. पारदर्शक जलरंगाच्या पातळ थरातून प्रकाश आत जातो, कागदावर आपटून पुन्हा त्याच थरातून बाहेर येतो आणि दोन्ही वेळा थोडा शोषला जातो. त्यामुळे सर्वांत उजळ जागा म्हणजे मुद्दाम कोरा सोडलेला कागद. तिथे चुकून रंग गेला तर कागद पूर्वीइतका शुभ्र क्वचितच होतो. उन्हातली भिंत कुठे ठेवायची, हे म्हणूनच ब्रश टेकवण्याआधी ठरवावे लागते.

मग सावली पाहा. चुन्याच्या भिंतीवरची सावली क्वचितच नुसती करडी असते. तिच्यावर आकाशाचा निळा उजेड पडतो आणि वळचणीखाली जमिनीवरून परतलेला उबदार उजेडही. चांगल्या चित्रकाराला हे दोन्ही दिसतात.

आता अगदी जवळ जा. रंगाच्या डबक्याची कड मधल्या भागापेक्षा गडद दिसेल. कडेला पाणी लवकर उडते, ते भरून काढायला आतले पाणी बाहेर वाहते आणि रंगद्रव्याचे कण सोबत नेते. सांडलेल्या कॉफीचे वर्तुळ असेच उमटते, आणि त्याचे नेमके कारण १९९७ मध्ये मांडले गेले. अर्धवट सुकलेल्या रंगात जास्त ओला ब्रश टेकला, तर पाणी कण ढकलत पसरते आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दातेरी कड उमटते. आकाशात ती सहसा चूक असते, पण ढगासाठी मुद्दाम वापरली तर फार सुंदर दिसते. अल्ट्रामरीनसारख्या निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात. समुद्राचा दाणेदारपणा त्यातून येतो.

एक सावधगिरी मात्र हवी. पांढरे दिसणारे आकाश मुळात पांढरे असेलच असे नाही. होमरच्याच १८८७ च्या एका चित्रातले जवळपास कोरे आकाश एके काळी लाल-नारिंगी होते, असे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधील अभ्यासात आढळले. मॅडरसारखे वनस्पतिजन्य लाल रंग उजेडाने उडतात. म्हणून संग्रहालयांत जलरंगचित्रांवर साधारण ५० लक्स (प्रकाश मोजायचे एकक) इतका मंदच प्रकाश ठेवतात. चौकटीतून काढलेले चित्र पाहायला मिळाले, तर माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली, झाकलेली कड आधी बघा. उजेड न लागलेला मूळ रंग तिथे टिकून असू शकतो.