एनएफएल ड्राफ्ट : पात्रता, मुदत आणि संघाच्या यादीतून नाव नेमके कुठे गळते

एनएफएल ही अमेरिकेतील व्यावसायिक (अमेरिकन) फुटबॉलची लीग. तिचे संघ दरवर्षी एप्रिलमध्ये आळीपाळीने महाविद्यालयीन खेळाडू निवडतात, त्यालाच ड्राफ्ट म्हणतात. या ड्राफ्टसाठी पात्र ठरणे आणि एखाद्या संघाच्या यादीत शेवटपर्यंत टिकणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत केल्यामुळेच दरवर्षी अनेक मुलांचे नुकसान होते. ड्राफ्टमध्ये फेऱ्या सात आणि संघ बत्तीस; 2024 साली एकूण 257 खेळाडू निवडले गेले. पात्र खेळाडूंची संख्या मात्र हजारोंच्या घरात असते.

पात्रतेचा नियम असा की, शालेय शिक्षण संपल्यापासून किमान तीन वर्षे झालेली असावीत. याचा अर्थ तीन हंगाम मैदानावर उतरलेच पाहिजे असा नाही. महाविद्यालयातले पहिले वर्ष राखीव म्हणून बाहेर बसून काढले असले, तरी तेही वर्ष मोजले जाते. महाविद्यालयीन खेळाची पात्रता पूर्ण संपलेल्या खेळाडूला वेगळा अर्ज करावा लागत नाही. ज्याची पात्रता शिल्लक आहे, त्याला मात्र लेखी अर्ज करावा लागतो आणि तो साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत लीगकडे पोहोचावा लागतो. नाव मागे घेण्यासाठी मिळणारी सवलत अवघ्या काही दिवसांची असते. ती टळली आणि एप्रिलमध्ये कोणी निवडलेही नाही, तर सर्वसाधारणपणे महाविद्यालयाच्या संघात परतता येत नाही.

या ठिकाणी माइक विल्यम्स या महाविद्यालयीन खेळाडूचे उदाहरण प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावे. 2004 साली मॉरिस क्लॅरेट या दुसऱ्या महाविद्यालयीन खेळाडूने लीगविरुद्ध लढवलेल्या खटल्यात खालच्या न्यायालयाने तीन वर्षांचा नियम रद्द ठरवला, तेव्हा त्या निकालावर विसंबून विल्यम्सनेही नाव दिले आणि एजंट नेमला. पुढे अपील न्यायालयाने निकाल फिरवला. ड्राफ्टचे दार बंद झाले आणि महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेनेही त्याला परत घेतले नाही. एक अख्खे वर्ष हातचे गेले. तेव्हा अनुकूल बातमी आली म्हणून लगेच सही करू नये. आधी लीगच्या सल्लागार समितीकडून अंदाज मागवावा. ही समिती पहिली फेरी, दुसरी फेरी किंवा ‘महाविद्यालयातच राहा’ एवढेच सांगते आणि तिचे मत कोणत्याही संघावर बंधनकारक नसते. तरीही तिसरे उत्तर आले, तर ते गांभीर्याने घ्यावे.

संघांची छाननी याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे लोक, महाविद्यालयांत फिरतात, सामन्यांच्या चित्रफिती पाहतात, प्रशिक्षकांकडे मुलाच्या वागणुकीची चौकशी करतात, आणि हजारो नावांतून प्रत्येक संघाच्या संभाव्य निवडीच्या फलकावर शेवटी शंभर-दोनशेच्या आसपास नावे उरतात. फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिसला होणाऱ्या कम्बाइनला, म्हणजे लीगच्या एकत्रित चाचणी शिबिराला, निवडक तीनशेहून अधिक खेळाडूंनाच निमंत्रण असते. स्वतः अर्ज करून तिथे जाता येत नाही. बाकीच्यांसाठी महाविद्यालयांतले प्रो डे, म्हणजे तिथेच स्काउटसमोर होणाऱ्या चाचण्या, असतात.

कम्बाइनमध्ये लोकांचे लक्ष चाळीस यार्डांच्या धावेकडे असते, पण नावे कापली जातात ती वैद्यकीय तपासणीत. खेळाडू टेबलावर बसलेला असतो आणि वेगवेगळ्या संघांचे डॉक्टर एकामागून एक येऊन तोच गुडघा वाकवून, ओढून पाहतात. जुन्या शस्त्रक्रियेचा अहवाल किंवा एमआरआय मिळाला नाही, तर शंका खेळाडूच्या विरोधातच जाते. म्हणून ही फाइल शाळेपासूनच जपून ठेवावी, असे मी कळकळीने सांगतो. जेलन स्मिथ हा खेळाडू अगदी वरच्या क्रमांकाचा मानला जात होता. 1 जानेवारी 2016 रोजीच्या सामन्यात गुडघा आणि त्यातला मज्जातंतू दुखावला आणि तो दुसऱ्या फेरीत, 34 व्या क्रमांकावर गेला.

ड्राफ्टपूर्वीच्या आठवड्यांत प्रत्येक संघ तीस खेळाडूंना आपल्या केंद्रात भेटीसाठी बोलावू शकतो. तिथे मुलाखत आणि तपासणी होते, मैदानी कसरत घेता येत नाही. असे बोलावणे म्हणजे निवडीचे आश्वासन नव्हे. कित्येकदा एखाद्या शंकेचे निरसन करण्यासाठीच बोलावलेले असते. ज्याला कोणीच निवडत नाही, तो ड्राफ्ट संपताच कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा असतो. अशा वेळी आलेल्या पहिल्याच फोनला होकार देण्याआधी त्या संघात आपल्या जागेवर किती खेळाडू आहेत, हे एजंटकडून नक्की विचारून घ्यावे.